अमृतधारा

उंची बोटभर, रंग असून नसल्यासारखा. पण बूच नुसतं सैल झालं तरी आतल्या खोलीतून विचारणा होते, "कुणाचं पोट दुखतंय?"

हिचे जन्मदाते तीन: ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर. फुलं म्हणजे पाकळ्या नव्हेत, अर्काचे खडे. तिघेही कोरडे ठणठणीत. एकट्या ओव्याच्या फुलाला वितळायला 50 अंशांच्या आसपास उष्णता लागते, कापराला तर 175 च्या वर. पण तिघांना समभाग एका बाटलीत घालून हलवा. पाण्याचा थेंब नाही, आच नाही, तरी खडे घामेजतात, कडा बुजतात आणि थोड्या वेळात तळाशी तेल डुचमळायला लागतं. एकमेकांच्या संगतीत तिघांचाही वितळणबिंदू खाली घसरतो, एवढंच ते रसायन. तरी दरवेळी पाहत बसावंसं वाटतं.

लाहोरच्या पंडित ठाकुरदत्त शर्मांनी 1901 पासून हे औषध गाजवलं. इतकं, की पुढे 'लक्ष्मणधारा' निघाली आणि भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. साध्या गिऱ्हाइकाचा या दोन नावांत घोटाळा होईल, हे कोर्टाने 1962 साली मान्य केलं. थेंबांनी मोजायच्या औषधासाठी एवढी कोर्टबाजी!

स्वभाव तिखट. बत्ताशावर दोन-तीन थेंब, आधी चटका, मग गारवा, मग ढेकर. तो येईपर्यंत घरातली वडीलधारी समोरून हलत नाहीत. पुदिना आतड्याचे आवळलेले स्नायू सैल करतो, म्हणून मुरडा उतरतो. पण तोच जठराच्या तोंडाची झडपही सैल करतो, त्यामुळे छातीत जळजळणाऱ्यांशी हिचं पटत नाही. डॉक्टर देतात ती पुदिन्याच्या तेलाची कॅप्सूल जठर ओलांडून आतड्यात उघडेल अशी मढवलेली असते, ती याचसाठी.

हल्ली 'गट हेल्थ'च्या नावाने असली तेलं रोज सकाळी कोमट पाण्यात टाकून पिणारे भेटतात. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि पहिल्याच घोटाला घसा पोळतं. अमृतधारा मुळात अडल्यावेळी बोलवायची बाई. तिला रोजच्या कामाला लावणं मला तरी पटत नाही. आणि घरात रांगतं मूल असेल तर तिची जागा सगळ्यात वरच्या फळीवर. पोटात गेलेल्या थोड्याशा कापरानेही लहान मुलाला आकडी येऊ शकते. तिथे बत्तासाही नको आणि आजीचा अंदाजही नको.