बारडोलीच्या वाटेवरची इराणी लेणी

प्रवासाहून परतलेल्या माणसास आपल्या घरी प्रथम जो प्रश्न विचारला जातो, तो ‘काय पाहिलेत?’ हा नसून ‘काय आणलेत?’ हा असतो. यात लोभ नसतो. दूरच्या गावाचा थोडासा अंश आपल्याही वाट्यास यावा, एवढीच ती अपेक्षा असते. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे सोयरे अमळनेर, जळगाव, नंदुरबारकडे आहेत. तापीकाठच्या त्या जुन्या लोहमार्गाने सुरत-बडोद्याकडे येताना नवापूर, सोनगड, व्यारा, मढी ही स्थानके मागे पडली की बारडोली येते. बहुतेक प्रवासी येथे खिडकीतूनच सरदारांचे स्मरण करतात आणि पुढे जातात. आमचे सांगणे असे, की एकदा येथे उतरावे. बारडोलीस मुक्काम ठेवून पश्चिमेस सुरत व नैऋत्येस नवसारी अशा दोन फेऱ्या केल्या, तर इराणातून आलेल्या आणि या मातीत मुरलेल्या कितीतरी वस्तू व खाद्यपदार्थ पाहावयास आणि घरी आणावयास मिळतात.

बारडोली आणि इराण यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संजाण बंदरावर उतरलेल्या पारशी लोकांची हकीकत ‘किस्सा-ए-संजाण’ या 1599 सालच्या फारसी काव्यात आली आहे. संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी बाहरोटच्या डोंगरात बारा वर्षे आणि वांसद्याच्या रानात चौदा वर्षे सांभाळला व पुढे नवसारीस आणला, अशी परंपरा आहे. वांसदा आणि नवसारी हा सारा बारडोलीचा शेजारच होय. अग्नी शेवटी 1742 साली उदवाड्यास स्थिरावला. नवसारी पुढे गायकवाडांच्या राज्यातील प्रांत झाली आणि आपल्यातील कित्येक घराण्यांचे पूर्वज तेथे नोकरीनिमित्त राहून आले. तेव्हा या शेजाऱ्यांची आणि आपली ओळख आजची नव्हे.

बारडोलीत पाऊल ठेवल्यावर स्वराज आश्रम चुकवू नये. 1928 च्या सत्याग्रहात येथील शेतकऱ्यांच्या स्त्रियांमध्ये हिंडून ज्यांनी काम केले, त्यांत मुंबईच्या धनाढ्य पेटिट घराण्यातील मिठुबेन पेटिट होत्या. रेशमी साड्यांच्या घरात वाढलेल्या या पारशी बाईंनी खादी पत्करली आणि पुढे नवसारीजवळ मरोलीस आश्रम काढून आदिवासी मुलांस सूतकताई व विणकाम शिकविले. पारशी म्हटले की मुंबईचा बंगला डोळ्यांपुढे येतो. त्याआधी हे मरोलीचे चित्र मनात असावे, म्हणून हा उल्लेख.

आता खरेदीकडे वळू. सुरतेचे सर्वांत अस्सल इराणी लेणे म्हणजे सादेलीची पेटी. ही कला शिराझहून सिंधमार्गे मुंबई-सुरतेस आली, असे परंपरा सांगते. इराणात हिलाच खातम म्हणतात आणि शिराझ व इस्फहान येथे ती आजही चालते. पाहणाऱ्यास वाटते, की लाकडावर बारीक नक्षी रंगविली आहे. प्रत्यक्षात रंगाचा येथे संबंध नाही. निरनिराळ्या रंगांचे लाकूड, हाड, शिंग आणि धातू यांच्या त्रिकोणी बारीक काड्या सरसाने एकत्र जोडून त्यांची जुडी करतात. ही जुडी आडवी कापली की प्रत्येक चकतीवर तीच चांदणी उमटते. त्या पातळ चकत्या पेटीवर जडवून, घासून गुळगुळीत करतात. आपल्याकडे बाकरवडीची गुंडाळी कापली की प्रत्येक तुकड्यात तेच वेटोळे दिसते, तसाच हा प्रकार. मात्र येथे चांदणी मोहरीएवढी असते आणि हात केसभरही चुकून चालत नाही.

ही पेटी घेताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पूर्वी या कामात हस्तिदंत वापरीत. आता हस्तिदंताच्या व्यापारास कायद्याने बंदी आहे. म्हणून कोणी ‘जुन्या हस्तिदंताची’ म्हणून पेटी पुढे केली, तर ती घेऊ नये. दुसरे, कागदावर नक्षी छापून वर चकाकी दिलेल्या पेट्याही बाजारात असतात. पेटीची कड निरखून पाहावी. खऱ्या सादेलीत नक्षीस थोडी जाडी असते, छापलेल्या कागदास ती नसते. हे काम जाणणारी घराणी सुरतेत आता मोजकीच उरली आहेत. मुलीच्या रुखवतात दहा दिखाऊ वस्तू मांडण्यापेक्षा अशी एक लहानशी पेटी ठेवली, तर मुलीस जन्मभर पुरेल आणि कारागिराच्या मुलासही बापाचा धंदा सोडावासा वाटणार नाही.

सुरतेची जर तर आपल्या घरात आधीपासूनच आहे. ‘ज़र’ म्हणजे फारसीत सोने. येवल्याच्या पैठणीच्या काठापदरास लागणारी जरही सुरतेहून जाते, हे पुष्कळ भगिनींस ठाऊक असेल. खरी जर रेशमी धाग्याभोवती चांदीची तार गुंडाळून, तीवर सोन्याचे पाणी चढवून करतात. तांब्याच्या तारेची जर त्याहून हलकी, आणि प्लॅस्टिकची तर नुसतीच झगझगीत. दगडावर घासून तांबूस छटा निघाली, तर आत तांबे आहे असे समजावे. हलकी जर घेण्यात काही वावगे नाही. फक्त चांदीचे मोल देऊन तांबे घरी आणू नये.

पारशी स्त्रियांचा गारा पाहून मात्र आम्हांस नवल वाटले. जी साडी पारशीपणाची खूण मानली जाते, तिचे भरतकाम मूळचे इराणी नव्हे. चीनशी व्यापार करणाऱ्या पारशी गृहस्थांनी ते रेशीम घरच्या बायकांसाठी आणले. तंचोईचीही तीच गोष्ट. सर जमशेटजी जिजीभाई यांनी सुरतेच्या तिघा जोशी बंधूंना चीनमध्ये विणकाम शिकण्यास धाडले आणि त्यावरून हे नाव पडले, अशी कथा प्रचलित आहे. सुरतेचे ते माग पुढे थंडावले. आज तंचोई बनारसला विणली जाते. म्हणून ‘सुरतेची तंचोई’ म्हणून कोणी नवी साडी दाखविली, तर ती कोठे विणली हे विचारून घ्यावे. सहज परवडणारी भेट हवी असल्यास काचमण्यांचे पारशी तोरण किंवा उंबरठ्यावर चुन्याची नक्षी उमटविण्याचे छिद्रांचे डबे पाहावे. रांगोळीचे छापे वापरणाऱ्या आपल्या घरांत हे डबे मुळीच परके वाटणार नाहीत.

आता खाद्यपदार्थ. नवसारीस कोलाह यांचा 1885 पासूनचा सरक्याचा व लोणच्यांचा धंदा प्रसिद्ध आहे. सरका म्हणजे आपला शिरका. दोन्ही शब्द फारसी ‘सिरकेह’चेच. हा सरका उसाच्या रसाचा असतो. बारडोलीभोवती दृष्टी पोचेल तेथवर ऊसच ऊस आहे आणि येथील सहकारी साखर कारखाना आशियातील मोठ्या कारखान्यांत गणला जातो, हे येथे आठवावे. या सरक्यात गाजराचा कीस, गूळ, बेदाणे आणि जर्दाळू घालून ‘लगननु अचार’ करतात. आमच्या मते या साऱ्या प्रदेशातून एकच वस्तू न्यावयाची झाली, तर ती हीच. जर्दाळू आणि बेदाणे इराण-अफगाणिस्तानच्या वाटेचे, ऊस आणि गाजर गुजरातच्या मळ्यातले. बरणीचे झाकण मेणकापडाने घट्ट बांधावे आणि ती कपड्यांमध्ये उभी ठेवावी.

सुरतेची नानखटाई आणि जिऱ्याचे खारे बटासे हे डच लोकांच्या भट्टीवरून पारशी भटारखान्यात आले, असे सांगतात. ‘नान’ शब्द इराणचा, भट्टी डचांची, तूप गुजरातचे. पारशी घरांतील ‘दाळनी पोरी’ चाखली, तर आपली पुरणपोळीच जाड कवच घेऊन आल्यासारखी वाटेल. बारडोलीचा पात्रा, म्हणजे आपली अळूवडी, या भागात नावाजलेला आहे. तोही पारशी घरांत ‘पातरेल’ होऊन बसला आहे. पात्रा टिकाऊ नव्हे, तो गाडीतच संपवावा.

कोणाचा मुलगा किंवा जावई प्रत्यक्ष इराणला जाणार असेल, तर त्यास सांगण्याजोगी यादीही देतो. इस्फहानचे ‘गझ’, हे पिस्ते घातलेले पांढरे चिवट मिष्टान्न. कोमचे ‘सोहान’, हे मोड आणलेल्या गव्हाच्या पिठाचे, केशर घातलेले कुरकुरीत पक्वान्न. आणि खोरासानचे केशर. आपल्याकडील सोहन हलव्याचे नाव त्या सोहानशीच जुळते. जगातील बहुतांश केशर इराणातच पिकते. पण एवढे दूर जाणे सर्वांस साधत नाही. आपल्या हळदीकुंकवाच्या तबकातील गुलाबदाणी आणि अत्तरदाणी नावानिशी तिकडूनच आल्या, हे ध्यानी घेतले म्हणजे पुष्कळसे इराण घरातच सापडते.

एक वस्तू मात्र विकत मागू नये. नवसारीस मोबेद घराण्यांतील स्त्रिया कोकराच्या लोकरीच्या बहात्तर धाग्यांची कुस्ती विणतात. यस्नाच्या बहात्तर अध्यायांची ती खूण. पारशी माणूस ती कमरेभोवती तीन वेढे घालून बांधतो. आपल्या जानव्याप्रमाणेच ती धर्माची वस्तू आहे, कपाटात मांडण्याची नव्हे. अग्यारीतही परधर्मीयांस प्रवेश नसतो. बाहेरून नमस्कार करावा आणि पुढे जावे.

2001 च्या शिरगणतीत भारतात 69,601 पारशी होते, 2011 मध्ये 57,264 उरले. हे आकडे वाचून, परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्यांस चटका बसल्यावाचून राहत नाही. आम्हीही दुसऱ्यांच्या मातीत रुजलो, त्यांची भाषा बोललो, त्यांचे पदार्थ आमच्या ताटात आले. पारशांनी साडी चीनची घेतली, भट्टी डचांची घेतली, पात्रा गुजरातचा घेतला. कुस्ती मात्र कोणाकडून घेतली नाही व कोणास दिली नाही. काय मोकळेपणाने घ्यावे आणि काय जपून ठेवावे, याचा निवाडा प्रत्येक घरास करावाच लागतो. आपल्या मुलांसमोर सादेलीची पेटी आणि लोणच्याची बरणी उघडताना ही गोष्टही त्यांना सांगावी. नुसती वस्तू देऊन थांबू नये.