कॉलेज निवडताना सेक्शन बघा

'आर्किटेक्चरच्या नाटा परीक्षेचा स्कोअर बरा आलाय, कुठलं कॉलेज घेऊ?' जून लागला की हा फोन ठरलेला. मी स्कोअर विचारत नाही. कॉलेजला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मान्यता आहे का, एवढं आधी तपासायला सांगतो. १९७२च्या कायद्यानुसार नोंदणी झाल्याशिवाय नावापुढे आर्किटेक्ट लावता येत नाही, आणि ती नोंदणी मान्य पदवीवरच होते. हा विषय इथेच संपतो. पुढचं सगळं स्टुडिओवर ठरतं.

अभ्यासक्रमाच्या पाच वर्षांत मुलगी घरापेक्षा जास्त स्टुडिओत असते. बाहेरचा परीक्षक म्हणून ज्यूरीला बसलं की त्या स्टुडिओचा स्वभाव लगेच कळतो. काही ठिकाणी भिंतभर चकचकीत रेंडर लावलेले असतात. काचेची इमारत, वर निळंशार आकाश. मी विचारतो, पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं? शांतता. दुसरीकडे एखादी दुसऱ्या वर्षातली पोर हाताने जिन्याचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढून आणते. पायरीची उंची १५० मिलिमीटर, रुंदी ३००, आणि लँडिंगखालच्या बीमला डोकं आपटतंय म्हणून जिना एक पायरी मागे सरकवलेला. तिचं रेखाटन बेढब असतं. पण तिला घर उभं राहताना दिसतंय, आणि हे दिसायला शिकवणारं कुणीतरी तिथे आहे.

प्रत्येक शाळेची प्रकृती वेगळी. मुंबईत जे.जे.मध्ये शंभराहून अधिक वर्षं वास्तुकला शिकवली जाते, आणि बोरीबंदर स्टेशन तिथून चालत गाठता येतं. इमारत वाचायला शिकायचं तर यापेक्षा मोठं पुस्तक नाही. अहमदाबादची 'सेप्ट'ची वास्तुशाळा वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी १९६२मध्ये सुरू केली आणि तिची इमारतही त्यांनीच बांधली: उघड्या विटा, उत्तरेचा उजेड, एका वर्षाचं काम दुसऱ्या वर्षाला येता-जाता दिसेल असे खालीवर मजले. स्वतः दोशी पुण्याचे, शिकले जे.जे.त, तेही पदवी पूर्ण न करता. (पालकहो, याचा अर्थ भलता घेऊ नका.) वास्तुकार अच्युत कानविंदे कोकणातल्या आचऱ्याचे, तेही जे.जे.चेच, पुढे हार्वर्डला ग्रोपिअसकडे शिकले.

हाताने करून बघणाऱ्या मुलाला चांगली वर्कशॉप असलेलं कॉलेज हवं. वाचन-वादात रमणाऱ्याला इतिहास नीट शिकवणारे मास्तर हवेत. बुजऱ्या मुलाला ज्यूरीत सगळ्यांदेखत सोलून काढणारी शाळा मानवत नाही. त्यातून माणूस घडतो असं म्हणतात, मला ते पटत नाही. आणि फीच्या पलीकडे मॉडेलचं सामान, प्लॉटिंग, लॅपटॉप, अभ्याससहली यांचा खर्च दर सत्राला येतो. तो आधीच विचारून घ्या.

म्हणून जूनची वाट बघू नका. मार्चमध्ये बारावीची परीक्षा उरकली की एप्रिलात, सबमिशनची धांदल चालू असताना, स्टुडिओत जा. दुसऱ्या वर्षाच्या शीट्स मागा, शिक्षक नसताना मुलांशी बोला. शीट्स दाखवायला कां-कूं केली, तर ते कॉलेज पसंतीक्रमात खाली टाका.