हवासा पाठ

मराठीत वाढलेल्या माणसाला पाऊस नको असे म्हणायला शिकावे लागते. आपल्या भाषेत पाऊस ओढ देतो, दडी मारतो, रुसतो. तो यावा हे या सगळ्या क्रियापदांत गृहीतच धरलेले असते. बॉस्टनला येऊन राहिल्यावर आणि व्हरमाँटच्या डोंगरांत स्की करण्याचा नाद लागल्यावर आम्हा पाच जणांच्या तोंडी हा शब्द प्रथमच अपशकुनासारखा येऊ लागला. आठवडेच्या आठवडे साठलेले भुसभुशीत हिम एका रात्रीच्या पावसाने बसते आणि मागून थंडी आली की उतारांवर काचेसारखा कठीण थर उरतो. म्हणून वादळाची चाहूल लागली की स्की करणाऱ्यांच्या गप्पांत एकच प्रश्न उरतो : बर्फ की पाऊस?

प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. न्यू इंग्लंडमध्ये हिवाळी पावसाचा जन्म बहुधा हिमकणातच होतो. वरून निघालेला कण वाटेत उबदार हवेच्या थरात सापडला तर वितळतो. त्या थराखाली थंड हवा पुरेशी खोल असेल तर थेंब पुन्हा गोठून दाण्याच्या रूपात उतरतो. ती उथळ असेल तर थेंबाला गोठायला अवधीच मिळत नाही. तो शून्याखालच्या तापमानातही द्रवच राहतो आणि फांदीला, तारेला, रस्त्याला टेकताच तिथे काच होतो. या शेवटच्या प्रकाराला मराठीत रुळलेला शब्द नाही. आम्ही त्याला गोठणारा पाऊस म्हणू लागलो. थंड थराची जाडी काही शे मीटरांनी कमी-अधिक झाली की उत्तर बदलते. वादळाची वाट किनाऱ्यापासून थोडी आत सरकली तरी बदलते.

असा अनिश्चित मजकूर समोर आला की वाचक काय करतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. आमच्यातला एक जण साहित्य शिकवणारा. हवामानाचे नकाशे ही त्याला पाठचिकित्साच वाटे. अमेरिकी प्रारूपाची नवी आवृत्ती दिवसातून चार वेळा निघे. युरोपीय केंद्र सुरुवातीच्या नोंदींत बारीक फरक करून एकाच वादळाची एक्कावन्न भाकिते मांडत असे. म्हणजे एकाच संहितेचे एक्कावन्न पाठभेद. आम्ही रात्री अकरापर्यंत जागून नवी आवृत्ती पाहत असू आणि जिच्यात बर्फ असेल तिला प्रमाण मानत असू. बर्फ अमेरिकी प्रारूपात दिसला तर ते अद्ययावत ठरे, युरोपीयात दिसला तर ते अधिक विश्वसनीय ठरे. पाठचिकित्सेतला एक जुना नियम सांगतो, की सोप्या पाठापेक्षा अवघड पाठाकडे झुकावे, कारण लेखनिकाचा हात मजकूर सोपा करण्याकडेच वळतो. नियम ठाऊक असलेला माणूस आमच्यात होता. उपयोग झाला नाही.

डिसेंबर 2013च्या तिसऱ्या आठवड्यात असेच एक वादळ येऊ घातले होते. उत्तरेकडून कॅनडाची थंड हवा जमिनीलगत सरकत होती आणि दक्षिणेची उबदार, दमट हवा तिच्यावर चढत होती. आम्ही कॅनडाच्या सीमेजवळच्या जे पीकची खोली आधीच राखून ठेवली होती. इतक्या उत्तरेला बर्फच पडणार, असे आम्हा चौघांचे मत झाले. पाचवी मैत्रीण वर्ध्याची. तिने नकाशा बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "अरे, हा बर्फ नाही. खालची थंडी फार पातळ आहे. तुम्ही नकाशा वाचत नाही आहात, मागणं मागताय." आम्ही हसलो. तिला पावसाच्या पक्षाची म्हणून चिडवले. एकटीने मागे राहणे तिला बरे वाटले नसावे, ती आली.

शनिवारी, 21 तारखेला, दुपारी निघालो. न्यू हॅम्पशायरमध्ये काचेवर थेंब पडत होते. उत्तरेला गेलो की यांचा बर्फ होईल, असे एकमेकांना सांगत राहिलो. अंधार पडल्यावर गाडीतला आकडा उतरू लागला आणि गोठणबिंदूच्या खाली गेला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागच्या आसनावरून ती म्हणाली, "थेंब अजून थेंबच आहेत." त्या वाक्याचा अर्थ कळायला आम्हाला आणखी काही मैल लागले. ज्या आकड्याला टाळ्या दिल्या तोच धोक्याचा होता. एका साध्या वळणावर चाकांखालचा रस्ता नाहीसा झाला. वेग फार नव्हता. गाडी कडेच्या चरात तिरकी जाऊन बसली आणि आधारासाठी पुढे गेलेला तिचा उजवा हात समोरच्या आसनावर आपटला.

नंतरची शांतता आम्ही विसरलेलो नाही. काळोखात झाडांच्या फांद्या एकेक करून मोडत होत्या. वारा नव्हता, केवळ भाराने. बऱ्याच वेळाने मीठ टाकणारा एक ट्रक आला. त्याच्या चालकाने आम्हाला रुग्णालयात पोचवले. आम्ही इथे का आलो, असे त्याने विचारले नाही. त्याबद्दल आम्ही त्याचे अजून ऋणी आहोत.

तिच्या मनगटाचे हाड मोडले होते. प्लास्टर घातले जाण्याची वाट पाहताना तिने लहानपणीच्या एका वर्षाची हकीकत सांगितली. घरची कपाशी. मृग जवळ आला होता, पश्चिमेला दोन दिवस ढग जमत होते. तिच्या बाबांनी कोरड्यातच सरकी टोबली. एक सर आली, अंकुर दिसले, आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडे. दुसऱ्यांदा बियाणे आणले ते उसनवारी करून. "बाबांना ढग कळत नव्हते असं नाही," ती म्हणाली. "तो पाऊस नाही हे त्यांना दिसत होतं. पण पाऊस नाही असं वाचायची त्यांना सोय नव्हती." थोड्या वेळाने तिने जोडले, "तुम्हाला होती."

तिने आम्हाला दोष दिला तो एवढाच. त्यावर पुष्कळ विचार केला. तिच्या बाबांची चूक आणि आमची चूक वाचनाच्या दृष्टीने एकच. दोघांनीही आभाळात आपली इच्छा वाचली. पण त्यांची इच्छा म्हणजे गरज होती आणि तिची किंमत त्यांनी स्वतः मोजली. आमची इच्छा म्हणजे सुटीतले दोन दिवस. आणि किंमत मोजली ती नेमकी बरोबर वाचणारीने. दुबार पेरणी हा शब्द आम्ही वर्तमानपत्रांत शेकडो वेळा वाचला असेल. त्याचे वाचन त्या रात्री पहिल्यांदा झाले.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही व्हरमाँटमधल्या जेरिको गावी गेलो. तिथल्या विल्सन बेंटले या शेतकऱ्याने 15 जानेवारी 1885 रोजी हिमस्फटिकाचे सूक्ष्मदर्शकातून पहिले छायाचित्र घेतले आणि आयुष्यभरात पाच हजारांवर छायाचित्रे जमवली. त्याचे षट्कोनी, निर्दोष स्फटिक आमच्या भिंतीवर कित्येक वर्षे होते. ते निवडलेले आहेत, हे आम्ही तोवर ध्यानात घेतले नव्हते. मोडके, वेडेवाकडे कण आभाळातून कितीतरी अधिक पडतात. जपानमध्ये उकिचिरो नाकाया यांनी त्या बेढब कणांनाही वर्गीकरणात जागा दिली आणि कणाच्या रूपावरून वरच्या हवेचे तापमान व आर्द्रता वाचता येते हे दाखवले. बेंटलेचे चित्र आम्ही काढून टाकलेले नाही. त्याचे प्रेम खोटे नव्हते. पण प्रेमाने निवडलेले नमुने म्हणजे आभाळ नव्हे, एवढे आता चित्राकडे पाहताना आठवते.

आमचा नाद सुटलेला नाही. हिवाळे मात्र बदलत आहेत. 18 डिसेंबर 2023 रोजी व्हरमाँटमध्ये साठलेल्या बर्फावर मुसळधार पाऊस कोसळला आणि ऐन थंडीत नद्यांना पूर आले. बर्फ की पाऊस हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा वारंवार पडतो, आणि तो केवळ स्की करणाऱ्यांचा राहिलेला नाही. आम्ही स्वतःपुरता एक नियम केला आहे : नकाशावर मत देणाऱ्याने आधी आपल्याला काय हवे आहे ते सांगायचे. मत त्यानंतर.

गेल्या हिवाळ्यात एका रात्री तिचाच फोन आला. वादळ किनाऱ्याबाहेरून जाते आहे, थंडी खोल आहे, बर्फच दिसतो, असे ती म्हणाली. आम्ही आनंदाने सामान काढायला उठणार तोच तिने थांबवले. "मला यंदा फार जायचं आहे," ती म्हणाली, "म्हणून तुम्ही एकदा बघा."

आम्ही पुन्हा नकाशा उघडला.