ब्यावरच्या चांग गेटवर एक दुपार

अजमेर-पुष्करला जाणारे मराठी प्रवासी पुष्कळ. दर्गा, ब्रह्मदेवाचे मंदिर, सरोवर, वाटलेच तर पुढे चितोड किंवा उदयपूर असा सहलीचा ठरलेला क्रम असतो. या वाटेवर अजमेरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर ब्यावर नावाचे गाव लागते. तिथे मुद्दाम कुणी उतरत नाही. आम्ही उतरलो, ते माझ्या आईच्या हट्टामुळे.

त्याचे कारण आधी सांगायला हवे. वडील गेल्यानंतर आईचे कुटुंब निवृत्तिवेतन अडकले होते. ज्या कार्यालयात वडिलांनी आयुष्य घालवले, तिथेच आई दोन वर्षे खेटे घालत होती. "फाईल वर गेली आहे", "साहेब रजेवर आहेत", "पुढच्या सोमवारी या". शेवटी शेजारच्या काकांनी सुचवल्याप्रमाणे तिने एका कागदावर तीन साधे प्रश्न लिहिले. माझी फाईल कुठल्या टेबलावर आहे? तिथे कधीपासून आहे? कोणत्या कारणासाठी आहे? वर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले. महिन्याच्या आत लेखी उत्तर आले. एका दाखल्यासाठी फाईल थांबली होती आणि तो दाखला त्याच फाईलमध्ये होता! पुढच्या दोन महिन्यांत पैसे सुरू झाले.

तेव्हापासून हा कायदा कुठून आला, हे आईला पाहायचे होते.

बाजारातले आंदोलन

ब्यावर ही जुनी कापूस-लोकरीची बाजारपेठ. एकोणिसाव्या शतकात कर्नल डिक्सन या इंग्रज अधिकाऱ्याने ती वसवली. जुन्या गावाला चार दरवाजे, त्यांतला एक चांग गेट. पहिल्या नजरेला हा चौक कुठल्याही बाजारातल्या चौकासारखाच. भाजीच्या गाड्या, रिक्षांचे भोंगे, तीळपट्टीची दुकाने. तीळपट्टी ही ब्यावरची खासियत, कागदासारखी पातळ आणि तोंडात टाकताच विरघळणारी.

याच चौकात ६ एप्रिल १९९६ रोजी आसपासच्या खेड्यांतील मजूर आणि शेतकरी धरणे धरून बसले. त्यांची मागणी ऐकून गावकरी प्रथम चक्रावले. त्यांना धान्य नको होते, नोकरी नको होती, कर्जमाफीही नको होती. त्यांना हव्या होत्या कागदांच्या झेरॉक्स प्रती!

त्यामागची कहाणी दहा वर्षांची होती. १९८७ मध्ये भारतीय प्रशासकीय सेवा सोडलेल्या अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह हे तिघे ब्यावरच्या दक्षिणेला भीमजवळच्या देवडुंगरी या खेड्यात एका मातीच्या घरात राहू लागले. दुष्काळी कामांवर राबणाऱ्या मजुरांना किमान वेतन मिळत नव्हते. विचारले तर उत्तर ठरलेले, "वहीत तुमचे काम कमी भरले आहे." वही दाखवा म्हटले, तर ती सरकारी गुपित! १ मे १९९० रोजी भीममध्ये मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झाले आणि भांडण हळूहळू मजुरीवरून वहीवर आले.

डिसेंबर १९९४ मध्ये तेव्हाच्या पाली जिल्ह्यातील कोट किराना गावात पहिली जनसुनवाई झाली. मिळवलेले हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचून दाखवण्यात आले. या आणि नंतरच्या सुनवायांत कामावर कधीच न गेलेल्यांची, क्वचित मेलेल्या माणसांचीही नावे मजूर म्हणून निघाली. कागदावर पुरी झालेली बांधकामे प्रत्यक्षात अर्धवट होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी सरकारी हिशेब तपासला, तो असा.

एप्रिल १९९५ मध्ये राजस्थानच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत आश्वासन दिले, की स्थानिक कामांच्या कागदपत्रांच्या प्रती लोकांना मिळतील. वर्ष उलटले तरी त्याप्रमाणे प्रती मिळेनात. म्हणून चांग गेट! धरणे सुरू होताच सरकारने कागद पाहण्याची मुभा देणारा आदेश काढला, पण प्रत देण्याची तयारी नव्हती. नुसता पाहिलेला कागद पुराव्याला चालत नाही, हे त्या मजुरांना पक्के ठाऊक होते. ते उठले नाहीत.

घरखर्चाचा हिशेब

धरणे चाळीस दिवस चालले. राजस्थानातला एप्रिल-मे म्हणजे काय, ते तिथल्या उन्हात तासभर उभे राहिल्यावर कळते. खेड्यांतून घरटी धान्य आले, माणसे पाळीपाळीने येऊन बसली. व्यापारी गावाने प्रथम लांबून पाहिले, मग भाजीवाल्यांनी भाजी दिली, कुणी पैसे दिले, कुणी नुसते येऊन बसले. भाषणांइतकीच गाणी आणि कठपुतळ्यांचे खेळही रंगत. "हमारा पैसा, हमारा हिसाब" ही घोषणा या भागातून देशभर गेली.

त्याच वर्षी संघटनेतील सुशीला नावाच्या, फारसे शिक्षण नसलेल्या बाईला दिल्लीत पत्रकारांनी विचारले, की माहितीचा अधिकार तुला कशाला हवा? तिने सांगितले ते असे, की मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठवले तर परत आल्यावर मी हिशेब विचारते. सरकार माझ्या नावावर कोट्यवधी खर्च करते, मग त्याचा हिशेब विचारू नको का?

हे ऐकून आई गालातल्या गालात हसली. वडिलांचा पगार हाती येत असे तेव्हापासून ती रोजच्या खर्चाची वही लिहिते. चळवळ, आंदोलन हे शब्द तिला आजवर परके वाटत. मोर्चा म्हणजे दगडफेक आणि रस्ते बंद, अशी तिची समजूत होती. चांग गेटवर उभी राहून ती म्हणाली, "म्हणजे वही मागणं हेही आंदोलनच की!"

कायदा झाला, पुढे काय?

त्यानंतर १९९७ मध्ये जयपूरला ५३ दिवसांचे धरणे झाले. तामिळनाडू आणि गोवा या राज्यांनी त्याच वर्षी कायदे केले. राजस्थानचा कायदा २००० मध्ये आला. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्यामुळे २००२ चा कायदा झाला. देशाचा कायदा संसदेत मे २००५ मध्ये मंजूर होऊन १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला.

मात्र कायदा झाला म्हणून सारे आलबेल झाले, असे समजायचे कारण नाही. जमिनींचे व्यवहार उघड करणारे तळेगावचे सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने माहिती नाकारण्याची वाट रुंद केली, असा कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे. हजेरीपटावरची नावेच वाचता आली नाहीत, तर जनसुनवाई कसली, हा त्यांचा प्रश्न सहज झटकण्यासारखा नाही.

परतताना आईने तीळपट्टीचे दोन डबे घेतले. एक घरी, दुसरा अर्ज लिहायला शिकवणाऱ्या काकांसाठी. गाडीत बसल्यावर तिने पिशवीतून वही काढली आणि प्रवासखर्च मांडू लागली. आमच्या कॉलनीतला रस्ता तीन वर्षांत दोनदा झाला आणि दोन्हीदा पहिल्या पावसात वाहून गेला. वहीच्या शेवटच्या पानावर तिने लिहिले, "रस्ता — किती पैसे? कोणाला?"

कसे जाल?

ब्यावर हे अहमदाबाद-अजमेर रेल्वेमार्गावरील स्थानक आहे. अजमेरहून बसनेही जाता येते. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. मुक्कामाला अजमेर सोयीचे.

अर्ज कसा कराल?

महाराष्ट्रात अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून तो संबंधित कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यावा. एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा पाळावी. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना शुल्क नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर न आल्यास ३० दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे अपील करावे. अर्ज दिल्याची पोच घ्यायला विसरू नका!