टाकीवरचा मानकरी

तळकोकणात पाऊस ओसरला की आंबा-काजूच्या बागांतून एकसुरी घरघर ऐकू येऊ लागते. खांद्याला पट्टा, तोंडावर जाळी, पायांत गमबूट आणि पुढे गरगरणारं पातं. ग्रासकटर आता इथल्या बेणणीतला घरचाच झाला आहे. त्याचं पातं सगळ्यांना माहीत असतं, त्याचा आवाज तर दोन वाड्यांपलीकडे पोचतो. मला तुमची गाठ घालून द्यायची आहे ती त्याच्या टाकीवर बसणाऱ्या काळ्या, कडेला खाचा असलेल्या प्लास्टिकच्या झाकणाशी. बसतं मुठीत मावेल एवढ्या जागेत, पण बागेतला सबंध दिवस त्याच्या मर्जीवर चालतो.

त्याला नुसतं झाकण म्हटलेलं खपत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. डब्याच्या झाकणाला बंद राहण्यापलीकडे काम नसतं. याच्याकडे दोन कामं आहेत आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. पेट्रोलला बाहेर पडू द्यायचं नाही आणि हवेला आत येऊ द्यायचं. इंजिन जेवढं पेट्रोल ओढून घेतं, तेवढी हवा टाकीत शिरली पाहिजे, नाहीतर आतला दाब उतरत जातो आणि पेट्रोल पुढे सरकेनासं होतं. म्हणून पुष्कळ झाकणांच्या पोटात एक बारीक भोक आणि रबराची इवलीशी झडप असते. बांधावर यंत्र तिरकं झालं, कुणी आडवं टाकलं, तरी झडप पेट्रोलला अडवते आणि हवेला वाट देते. एवढी दाराची राखण चोवीस तास करायची, तीही पाऊस, चिखल आणि कुसळांत.

राग आला तर ते बोलून दाखवत नाही. त्या भोकात माती किंवा गवताचा चुरा बसला की रुसवा सुरू. यंत्र सकाळी पहिल्या ओढीला चालू होतं, थोडा वेळ झकास चालतं, मग अडखळतं आणि बंद. दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. थोडा वेळ बसून पुन्हा ओढली तर चालू! मग घरातला प्रत्येक जण आपापलं निदान सांगतो. प्लग बदलला जातो, कार्बोरेटर खोलून साफ होतो, पेट्रोलात पाणी आहे म्हणून पंपाला शिव्या पडतात. एखादा जाणता मिस्त्री मात्र यंत्र अडखळलं की आधी झाकण अर्धा आटा सैल करतो. सुस्स करून हवा आत जाते आणि इंजिन सूर धरतं. दोष सापडला. माझ्या मते हा उपाय प्रत्येक बागायतदाराला पाठ असायला हवा. त्याला पाना लागत नाही आणि पैसाही.

उन्हात तापल्यावर त्याचा स्वभाव आणखी कडक होतो. टाकीत वाफ कोंडलेली असते, तेव्हा घाईने उघडलंत तर तोंडावर पेट्रोल उडवतं. त्याला आधी थंड होऊ द्यावं, मग हळूहळू फिरवावं. आणि सायलेन्सर तापलेला असताना पेट्रोल भरायला तर मुळीच जाऊ नये. हा त्याचा हट्ट तुमच्या जिवासाठी आहे.

घराण्याचा त्याला अभिमान आहे. १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंगने गवत कापायचं पहिलं यंत्र काढलं, पण ते माणसाने ढकलायचं होतं. टाकी नाही, म्हणून झाकणही नाही. १९०२ मध्ये रॅन्सम्सचं पेट्रोलवर चालणारं यंत्र बाजारात आलं, तेव्हापासून गवताच्या कामात टाकीला आणि तिच्या राखणदाराला मान मिळाला. आमचा खांद्यावरचा ग्रासकटर त्या मानाने अलीकडचा. १९७१ मध्ये ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलसला गाडी धुण्याच्या केंद्रातले फिरते ब्रश बघून दोरीने गवत कापायची कल्पना सुचली. या फिरत्या दोरीच्या यंत्रांची घोडदौड तिथून सुरू झाली.

या मानकऱ्याला एकच सोबती असतो, टाकीला बांधून ठेवणारी छोटी दोरी किंवा प्लास्टिकची पट्टी. माणसं आधी तिचाच बळी देतात. नरसाळं लावताना मध्ये येते म्हणून हिसका मारून तोडतात. त्या दिवसापासून झाकण मोकाट. भरताना दगडावर ठेवलं, मग तिथून पायाने उडालं, गुडघाभर गवतात गेलं. संध्याकाळी सगळी बाग वाकून शोधते. “झाकण खंय गेला?” हा प्रश्न विचारत मालक, गडी आणि शेजारचा पोरगा एकाच रांगेत फिरतात. पुष्कळदा ते दुसऱ्या दिवशी सापडतं, पात्याखाली, दोन तुकड्यांत.

मग तोतयांची रांग लागते. प्लास्टिकची पिशवी आणि रबर, पाण्याच्या बाटलीचं बूच, कापडाचा बोळा. यांतल्या कापडाच्या बोळ्याचा मला मनापासून राग येतो. तो समईतल्या वातीचं काम करतो: पेट्रोल शोषतो आणि वर वाफ सोडतो. पेट्रोलची पेटणारी वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही सुटते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली उतरते. तापलेलं इंजिन तिथेच असतं. शिवाय बोळ्याचे धागे, कुसळं आणि पावसाचं पाणी आत जातं. पाणी पेट्रोलच्या तळाशी बसतं, आणि पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं तोंडही तळाशीच असतं. झाकण मिळेपर्यंत यंत्र बंद ठेवावं, हेच खरं.

नवं झाकण आणायला जाल तेव्हा तोंडी वर्णन घेऊन जाऊ नका. कुडाळ-सावंतवाडीच्या बाजारात काउंटरवर डबाभर झाकणं ओतली जातात आणि सगळी एकाच आईची लेकरं वाटतात. जुनं असेल तर तुकडेही न्या, नाहीतर टाकीच काढून न्या. आटे आत आहेत की बाहेर, किती रुंद आणि किती दाट, हे त्या टाकीच्या तोंडावरच ठरतं. बसवताना आधी उलटं फिरवावं. टक् करून आटा आट्यात पडला की मगच आवळावं. जबरदस्तीने आवळलेलं परकं झाकण टाकीच्या तोंडाचे आटे खाऊन टाकतं, आणि मग झाकणापायी टाकी बदलायची वेळ येते.

दुकानदाराला एक आणखी विचारा: या टाकीला हवेची नळी वेगळी आहे का? असेल तर बंद झाकण चालतं. नसेल तर झडपेचंच हवं, नाहीतर तोच रुसवा पुन्हा घरी येतो.

टू-स्ट्रोकच्या झाकणावर पुष्कळदा तेलाच्या थेंबाचं चिन्ह असतं. ते मिरवण्यासाठी नाही. ५०:१ प्रमाण असेल तर लिटरला २० मिलिलिटर तेल, २५:१ असेल तर ४०. चिन्ह नसलेलं झाकण लावलं आणि नव्या गड्याने साधं पेट्रोल ओतलं की पिस्टन जाम. म्हणून झाकण साधं मिळालं तर त्यावर पांढऱ्या रंगाने ‘तेल घाला’ असं लिहून टाकावं.

रबराच्या वायसरबद्दल ते अलीकडे जास्तच हळवं झालं आहे. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. इथेनॉल ओलावा धरतं आणि जुन्या पद्धतीचं रबर त्यात फुगतं. फुगलेल्या वायसरचं झाकण नीट बसत नाही आणि कडेने झिरपायला लागतं. वायसर सुटा मिळत असेल तर झाकणाबरोबर एक जास्तीचा घेऊन ठेवावा. आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करावी, झाकण पुसावं, भोक फुंकून बघावं.

नवीन आल्यावर पहिला आठवडा ते कडक वागतं. वायसर ताजा असतो, बोटं घसरतात, गडी कुरकुरतात, कुणी पक्कड आणायला धावतो. पक्कड लावू द्यायची नाही. खाचा पकडून कोरड्या फडक्याने फिरवायचं. थोड्या दिवसांत रबर बसतं आणि ते हाताच्या जोराने उघडू लागतं. त्याआधी नायलॉनची दोरी घेऊन त्याला टाकीच्या कानाशी बांधावं, नरसाळ्याला आडवी येणार नाही एवढी लांब ठेवून. आणि बेणणीला येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवावं, ही दोरी तोडायची नाही.