आईच्या हातचे दंतवैद्यक

अजिंठ्याच्या पायथ्याशी वसलेल्या फर्दापुरात लेणी पाहावयास येणाऱ्या प्रवाशांची वर्दळ बारमाही असली, तरी तेथील एखाद्या मतिमंद मुलाला भूल देऊन त्याच्या दाढेवर उपचार करावयाची वेळ आली, म्हणजे एकीकडे जळगाव नाहीतर दुसरीकडे सुमारे १०० किलोमीटरवरचे छत्रपती संभाजीनगर यांचीच वाट धरावी लागते. आणि ज्याला एस.टी.तला गलका व अनोळखी स्पर्श सोसवत नाही, अशा लेकराला तेथवर नेणे हे त्या माउलीला दिव्यच होऊन बसते. या भागातील अशा मुलांचे दात पाहता पाहता माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली आहे, ती ही की, त्यांच्या दातांचे रक्षण दवाखान्यातील खुर्चीपेक्षा घरच्या ओसरीवरच अधिक होते, आणि आईचा हात तयार करणे हे दंतवैद्याचे आद्य कर्तव्य होय.

या मुलांच्या मुखरोगांचे खापर घरच्यांच्या हयगयीवर फोडणे अन्यायाचे आहे. अपस्मारावर फेनिटॉइन घेणाऱ्या पुष्कळांच्या हिरड्या त्या औषधानेच वाढून दातांवर चढतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या जिभेला गालात अडकलेला घास बाहेर काढण्याचे बळ नसते, आणि तो तासन् तास दाताशी कुजत राहतो. डाउन सिंड्रोम असलेल्यांचे दात उशिरा येतात, त्यांना कीडही त्यामानाने कमी लागते, परंतु हिरड्यांचा विकार ते दात ऐन तारुण्यात खिळखिळे करतो. त्यातून ज्याला वाचा नाही, त्याचे दुखणे गालावर चापट्या मारून घेण्यात किंवा भाकरी दूर लोटण्यात प्रकट होते, आणि घरची माणसे त्याला हट्ट समजतात.

म्हणून मी आईला मुलाच्या मागे चटईवर बसावयास सांगतो. त्याचे मस्तक तिने आपल्या छातीशी टेकवून घ्यावे, डाव्या तर्जनीने ओठ अलगद बाजूस सारावा, आणि मऊ केसांचा लहान ब्रश, दात हिरडीला जेथे मिळतो त्या रेषेवर तिरपा धरून हलकेच फिरवावा. मुलाला थुंकता येत नसेल, तर पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच घ्यावी. आरंभी ओठांना ब्रशचा नुसता स्पर्श, मग पुढचे दात आणि सरतेशेवटी दाढा, असा क्रम ठेवून प्रत्येक वेळी मोठ्याने दहापर्यंत मोजून थांबावे. कारण हा त्रास कोठे संपणार हे एकदा उमजले, की मुलाचे भय निम्मे ओसरते.

सरकारनेही काही तजवीज केलेली आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारच्या दिव्यांगतांना मान्यता दिली. तथापि दाखल्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणाऱ्या आईला ब्रश कसा धरावा हे सांगणारे माणूस क्वचितच भेटते. ते माणूस गावातली अंगणवाडी सेविका किंवा आशाताई का होऊ नये? मूल सहकार्य करीत नाही, असा शेरा केसपेपरवर मारण्यापूर्वी आम्ही दंतवैद्यांनीही पहिली भेट निव्वळ ओळखीसाठी राखून ठेवावी. एवढे झाले तर पुष्कळ दाढा वाचतील, भूल देण्याचे प्रसंग घटतील. आणि या कामाला लागणारी सामग्री प्रत्येक घरी आजच हजर आहे.