गोळी, कळ येण्याआधी

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये डाव्या अंडाशयात चॉकलेट सिस्ट आणि खाली एंडोमेट्रिऑसिस असं लिहून आलं. माझं वय ३१. डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. गर्भाशयाच्या आतलं जे अस्तर दर महिन्याला सुटून पाळीत बाहेर पडतं, तसल्याच पेशी माझ्या पोटात गर्भाशयाबाहेर रुजल्या आहेत. पाळीच्या दिवसांत त्याही सुजतात, रक्त सोडतात, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नाही. मग आत सूज राहते, चट्टे पडतात, अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात साठलेलं जुनं रक्त घट्ट, तपकिरी होतं, म्हणून गाठीचं नाव चॉकलेट. प्रत्येक वाक्य मला कळलं. तरी फाइल छातीशी धरून दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आधी फोन कोणाला करावा, हेच सुचेना.

"बरी होईन ना?" असं विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "आटोक्यात राहील." हा आजार का होतो, याचं एकच पक्कं कारण वैद्यकशास्त्राला अजून सापडलेलं नाही आणि तो मुळापासून घालवणारं औषधही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येण्याच्या वयातल्या दहा टक्के, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी स्त्रियांना तो असतो. एवढ्या जणींचं दुखणं आणि मला शाळेत, कॉलेजात, घरात कोणीच कसं सांगितलं नाही? आई म्हणायची, लग्न झालं की थांबेल. लग्न झाल्यावर म्हणाली, एक मूल झालं की थांबेल. तिलाही तिच्या आईने हेच सांगितलं होतं. तिच्यावर मी कशी रागावू?

मी बीड जिल्ह्यातल्या एका बँक शाखेत कॅशियर आहे. कॅशची केबिन आतून बंद असते. बाथरूमला जायचं तर नोटा ड्रॉवरमध्ये टाकायच्या, कुलूप लावायचं, काउंटरवर पाटी ठेवायची. तोवर रांगेतली माणसं घड्याळाकडे बघू लागतात. कळ कंबरेतून सुरू होऊन मांड्यांत उतरते, घाम फुटतो, मळमळतं आणि हातातलं बंडल पुन्हा पहिल्या नोटेपासून मोजावं लागतं. लोकांना वाटतं, चार दिवसांचा प्रश्न आहे. तसं नाही. पाळी संपल्यावरही अंगातला थकवा जात नाही, आणि तारीख जवळ आली की भीती सुरू होते. कुणाच्या लग्नाची पत्रिका हातात आली की मी आधी कॅलेंडर बघते.

औषधाचा पहिला धडा मला सगळ्यांत अवघड गेला. मेफेनॅमिक ॲसिडची गोळी मी कायम शेवटी घ्यायची, अगदी सहन होईनासं झाल्यावर. मॅडम म्हणाल्या, इथेच गणित उलटं आहे. पाळीत प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांनी गर्भाशय आवळतं आणि कळा येतात. गोळी ही रसायनं तयार होणं रोखते. जी आधीच तयार झाली, त्यांचं ती फारसं काही करू शकत नाही. म्हणून पहिली चाहूल लागताच, पोटात काही घालून, लिहून दिलेल्या वेळांनाच घ्यायची. जास्त नाही, कारण पोटाला आणि मूत्रपिंडाला ती बाधू शकते. ऐकायला हे सोपं आहे. पण आमच्या घरात दुखायच्या आधी गोळी घेणाऱ्या मुलीला नाजूक म्हणतात, आणि दात आवळून स्वयंपाक करणारीचं कौतुक होतं. ठीक वाटत असताना गोळीच्या पाकिटाकडे माझा हात अजून जात नाही. तो न्यावा लागतो.

दुसरं औषध डायनोजेस्ट, रोज दोन मिलिग्रॅम, खंड न पाडता. सुरुवातीचे काही महिने कधीही डाग पडतात, मन उगाच खाली जातं. पुढे अनेकींची पाळी थांबते. सासूबाई घाबरल्या. म्हणाल्या, "अगं, आत रक्त साठेल की!" तोच प्रश्न मी मॅडमना विचारला. या औषधाने मुळात अस्तरच वाढत नाही, त्यामुळे साठायला काही नसतं, हे ऐकून सासूबाईंचाही जीव थोडा भांड्यात पडला.

"पिशवी काढून टाक, मिटेल एकदाचं," हा सल्ला मला काउंटरवरच मिळाला, ऊसतोडीवरून परतलेल्या एका मावशींकडून. मायेने दिलेला. त्यांची काढलेली आहे. कारखान्यावर एक दिवस खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून पाळीचं दुखणंच नको, असं कित्येकींनी केलं. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली याच्या चौकशीसाठी समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांवर जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. माझा आजार तर पिशवीच्या बाहेर पसरलाय. नुसती पिशवी काढून तो जाईलच असं नाही, हे मावशींना सांगताना माझा गळा भरून आला. पिशवी काढलेल्या त्या बायकांपैकी किती जणींना नेमकं काय झालं होतं, हे कोणी शांतपणे तपासलं असेल?

मॅडम दर वेळी विचारतात, "दहापैकी किती दुखलं?" मी पाच म्हणायची. दहा म्हणजे बाळंतपण, असं मनात बसलेलं, आणि ते मी पाहिलेलं नाही. मग त्यांनी प्रश्न बदलला. उभं राहता आलं का? जेवण गेलं का? रात्री किती वेळा जाग आली? आता तेच वहीत लिहिते. दुखणं किती आणि आजार किती पसरलाय, यांचा मेळ नसतो. थोड्या पसाऱ्यातही असह्य दुखू शकतं. हे कळल्यापासून लिहिताना संकोच कमी होतो.

ती वही आणि डॉक्टरांचा दाखला घेऊन मी शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये गेले. बिहारमध्ये सरकारी कर्मचारी स्त्रियांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवसांची रजा आहे. माझ्या हाताशी किरकोळ रजा असते, पण ती जानेवारीत मिळून उन्हाळ्यापर्यंत संपते. मी रजा मागितलीच नाही. त्या दिवसांत कॅशऐवजी पासबुकचा काउंटर द्या, एवढंच म्हटलं. साहेब बराच वेळ कागदाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "आधी सांगायचं ना मॅडम." अदलाबदल लगेच झाली. मनात आलं, हे एका माणसाच्या चांगुलपणावर टिकलंय. त्यांची बदली झाली की मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल. हे नियमात हवं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनचं अजून ठरलेलं नाही. गाठ काढताना अंडाशयातली बीजंही काही प्रमाणात जाऊ शकतात, आणि आम्हाला मूल हवं आहे. डायनोजेस्ट चालू असताना दिवस राहण्याचा प्रयत्न करता येत नाही, म्हणजे ते कधी थांबवायचं हाही प्रश्नच. नवरा म्हणतो, आधी तू. मला दोन्ही हवं आहे, आणि तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं. बीजांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या एएमएचच्या तपासणीसाठी रक्त दिलंय. रिपोर्ट आला की आम्ही दोघं मिळून मॅडमकडे जाणार आहोत. प्रश्न त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत.